विकत घेतले, तरी मालक कोण?

(चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड येथे ग्राहक जागरणाच्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आठवडे बाजारात बैलजोडीचा सौदा होतो, पैसे मोजले जातात, कासरा एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि मालकी बदलते. पुढे दोन वर्षांनी नव्या मालकाने तीच जोडी विकायला काढली, तर जुन्या मालकाची परवानगी घ्यावी लागत नाही. जूनमध्ये शाळा सुरू होताना थोरल्या भावाची पाठ्यपुस्तके धाकट्याकडे जातात, शेजारच्या मुलाला अर्ध्या किमतीत दिली जातात. त्यात आपण काही गैर करतो, असे कोणाच्या मनातही येत नाही. जे विकत घेतले, ते वापरावे, दुरुस्त करावे, दान द्यावे, विकावे आणि आपल्यामागे मुलाबाळांना ठेवावे, हा मालकीचा सरळ अर्थ आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मानला आहे.

आज या अर्थालाच बाधा आली आहे, आणि ती आली आहे प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमधून. पडद्यावर ‘खरेदी करा’ असे बटण दिसते. मुलगा ते दाबतो, वडिलांच्या खात्यातून पैसे जातात. खेळ येतो, पुस्तक येते, चित्रपट येतो. परंतु त्या बटणामागे जो लांबलचक करार दडलेला असतो आणि जो वाचल्याविना ‘मान्य’ केला जातो, त्यात बहुधा स्पष्ट लिहिलेले असते की, ग्राहकाला वस्तू विकलेली नाही, केवळ वापरण्याचा परवाना दिला आहे. हा परवाना दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही आणि कंपनी तो काही कारणांनी काढूनही घेऊ शकते. दाम विक्रीचा आणि हक्क भाडेकरूचा, असा हा व्यवहार आहे.

विकलेली वस्तू परत नेणारा दुकानदार

हे भय काल्पनिक नाही. जुलै २००९ मध्ये अमेझॉन या अमेरिकी कंपनीने आपल्या ‘किंडल’ या वाचनयंत्रावर ग्राहकांनी विकत घेतलेली दोन पुस्तके परस्पर पुसून टाकली. ज्याने ती कंपनीच्या दुकानात विक्रीला ठेवली होती, त्याच्याकडे प्रकाशनाचे अधिकारच नव्हते, हे त्याचे कारण. कंपनीने पैसे परत केले, पुढे तिच्या प्रमुखाने जाहीर क्षमाही मागितली. योगायोग असा की, ती पुस्तके जॉर्ज ऑर्वेल यांची होती आणि त्यांतले एक होते ‘१९८४’, म्हणजे नागरिकाच्या घरात आणि मनात डोकावणाऱ्या सर्वंकष सत्तेची कादंबरी. या लेखकाचा जन्म आपल्याच देशात, बिहारमधील मोतिहारी येथे, १९०३ साली झाला होता. छापील पुस्तकाबाबत दुकानदार रात्री घरात शिरून फडताळातून पुस्तक काढून, किंमत मेजावर ठेवून निघून गेला असता, तर आपण त्याला काय म्हटले असते?

खेळांच्या जगात हेच अधिक ठळकपणे घडले. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ लोकांनी रोख पैसे देऊन घेतला होता. तो चालण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी आवश्यक होती. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ते सर्व्हर बंद केले आणि ज्यांच्या घरात तबकडी होती, त्यांच्या हातीही निरुपयोगी चकती उरली. त्यातून युरोपात ‘खेळ मारू नका’ अशी ग्राहक चळवळ उभी राहिली आणि तिच्या मागणीपत्रावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदाच केला की, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर तसे ठळकपणे सांगितल्याविना ‘खरेदी’ हा शब्द विक्रेत्याने वापरता कामा नये. १ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आला. शब्दाचा प्रामाणिकपणा जपण्यासाठी कायदा करावा लागला, यातच व्यवहाराची अवनती दिसते.

आपला कायदा काय म्हणतो?

भारतात या विषयाचा पाया १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे. त्यातील विवेक समजून घेण्याजोगा आहे. पुस्तकाची नवी प्रत काढून लोकांत आणण्याचा अधिकार लेखकाचा व प्रकाशकाचा. परंतु एकदा रीतसर विकली गेलेली प्रत पुढे कोणाच्या हाती जावी, यावर त्यांचा अधिकार राहत नाही. म्हणूनच पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांची विक्री राजरोस चालते. संगणकाच्या प्रोग्रॅमबाबतही कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला, ती हरवू अथवा बिघडू नये यासाठी राखीव प्रत करून ठेवण्याची मुभा याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे.

सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ आहे की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो करआकारणीच्या निमित्ताने. मुंबईत मुख्यालय असलेली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश शासन या खटल्यात ५ नोव्हेंबर २००४ रोजी घटनापीठाने निर्णय दिला की, तबकडीवर भरून बाजारात विकले जाणारे तयार सॉफ्टवेअर ही विक्रीकराच्या दृष्टीने वस्तूच होय. पुढे २ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग अॅनालिसिस सेंटर या कंपनीच्या अपिलात, हाही प्राप्तिकराचाच वाद होता, सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक भेद स्पष्ट केला. कॉपीराइट वेगळा आणि कॉपीराइट असलेल्या वस्तूची प्रत वेगळी. प्रत विकत घेणाऱ्याला कॉपीराइट मिळत नाही. पण तो प्रतीचे दाम देतो, कॉपीराइटचे नव्हे.

म्हणजे कर घ्यायच्या वेळी ती वस्तू आणि हक्क द्यायच्या वेळी तो परवाना, ही विसंगती इथे उघडी पडते. तबकडीवर घेतलेला अस्सल खेळ दुसऱ्याला विकण्यात गैर काही नाही. परंतु मोबाईलवर वा संगणकावर थेट उतरवून घेतलेल्या प्रतीच्या पुनर्विक्रीविषयी आपल्या कायद्यात स्वतंत्र तरतूद नाही. तिथे कंपनीने लिहिलेला करारच ग्राहकाच्या नशिबी येतो.

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. बैल विकला की तो आपल्या गोठ्यातून जातो. तबकडी विकली की ती आपल्या घरातून जाते. संगणकातली धारिका मात्र दुसऱ्याला दिली तरी आपल्याकडे उरते. शिवाय जुने पुस्तक पिवळे पडते, धारिका शंभर हातांतून फिरली तरी नवीच राहते. याच कारणांनी अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१८ मध्ये वापरलेल्या गाण्यांच्या धारिका विकणाऱ्या ‘रीडिजी’ या संस्थेच्या विरुद्ध निकाल दिला आणि युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये जुन्या ई-पुस्तकांच्या विक्रीला मान्यता नाकारली. त्याच युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये मात्र सॉफ्टवेअरच्या बाबतीत पुनर्विक्री मान्य केली होती. अट एकच, विकणाऱ्याने स्वतःकडील प्रत निकामी करावी. या अटीत न्यायाचे सार आहे. हस्तांतरण व्हावे, गुणाकार होऊ नये.

चोरीला ‘हक्क’ म्हणू नये

इथेच आपल्या समाजाने स्वतःकडे पाहिले पाहिजे. कंपन्यांचे करार अन्यायाचे आहेत, म्हणून चोरट्या प्रती वापरण्यात काही वावगे नाही, असा युक्तिवाद सुशिक्षित घरांतूनही ऐकू येतो. हा युक्तिवाद टिकणारा नाही. ‘सैराट’ हा मराठी चित्रपट २०१६ साली प्रदर्शित झाला आणि काही दिवसांतच त्याच्या चोरट्या प्रती गावोगावच्या मोबाईल दुकानांतून मेमरी कार्डात भरून मिळू लागल्या. त्या चित्रपटाने तरीही विक्रमी उत्पन्न मिळवले. पण ज्या लहान निर्मात्याचा चित्रपट दोनच आठवडे चित्रपटगृहात टिकतो, त्याचे काय? मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार-अकराशे प्रतींची असते. त्या पुस्तकाची छायाप्रत समाजमाध्यमांवरील एका गटातून दुसऱ्या गटात ‘ज्ञानप्रसार’ म्हणून धाडली जाते, तेव्हा बुडतो तो परदेशी उद्योग नव्हे. बुडतो तो आपला लेखक, आपला प्रकाशक, आपला मुद्रक आणि बांधणी करणारा कामगार.

कोणी म्हणेल, सावरकरांचा १८५७ च्या स्वातंत्र्यसमराचा ग्रंथही देशात चोरूनच आला होता. ही तुलना करणेच अनुचित आहे. परकीय सरकारने प्रसिद्धीपूर्वीच बंदी घातलेला तो ग्रंथ लेखकाच्या इच्छेनुसार, तुरुंगवासाची जोखीम पत्करून देशात पोहोचवला गेला. त्यात लेखकाचा घास हिरावलेला नव्हता. फुकट करमणुकीसाठी लेखकाच्या इच्छेविरुद्ध प्रत काढणे आणि राष्ट्रकार्यासाठी लेखकाच्या इच्छेने प्रत पोहोचवणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

कायदाही या बाबतीत नरम नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. २०२३ मध्ये चलच्चित्र कायद्यात झालेल्या दुरुस्तीने चित्रपटाच्या चोरट्या चित्रणाला किमान तीन महिने कारावास आणि तीन लाख रुपये दंड ठरवला. दंडाची कमाल मर्यादा निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत नेली. महाराष्ट्राने तर त्याही आधी, २००९ मध्ये, झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठीच्या १९८१ च्या स्थानबद्धता कायद्यात ‘व्हिडिओ पायरट’ हा वर्ग समाविष्ट केला. याच कायद्यात पुढे वाळूतस्करही आले. गोदाकाठच्या गेवराई तालुक्याला हा कायदा कशाशी खातात, हे वेगळे सांगावे लागत नाही. नदीची वाळू उपसणारा आणि कलावंताचे श्रम उपसणारा हे दोघे एकाच कायद्याच्या कक्षेत यावेत, यात एक अर्थ आहे. दोघेही जे सर्वांच्या किंवा दुसऱ्याच्या मालकीचे, ते स्वतःच्या लाभासाठी ओरबाडतात.

पैठणचा धडा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. गोदावरीच्या पलीकडच्या तीरावर पैठण आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षे हा ग्रंथ हातांनी नकलून घेतला जात होता. नकलून घेण्यास कोणाची मनाई नव्हती. उलट ते पुण्यकर्म होते. दोष होता तो निराळाच. नकलणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते, कोणी आपल्या ओव्या घुसडल्या होत्या. नाथांनी नकलण्यावर आक्षेप घेतला नाही. ज्ञानदेवांच्या नावाखाली स्वतःचे काही घालण्यावर त्यांनी कठोर आक्षेप घेतला.

ज्ञान वाहते राहावे. पण कर्त्याचे नाव आणि कर्त्याची कृती यांना धक्का लागू नये, ही आपली परंपरा. आधुनिक कायद्यात लेखकाचा हा नैतिक अधिकार कलम ५७ मध्ये आहे. ज्ञानदेवांना उदरनिर्वाहासाठी आवृत्तीची विक्री करायची नव्हती, आजच्या लेखकाला करावी लागते. म्हणून त्याला मुदतीचा हक्क दिला आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे. टिळकांचे ‘गीतारहस्य’, हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या, साने गुरुजींचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य या मुदतीतून केव्हाच मुक्त झाले आहे. सावरकर १९६६ मध्ये निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यासाठी ३१ डिसेंबर २०२६ ही मर्यादा ठरते. मुदत संपली की कृती समाजाची होते. ज्याला फुकट वाचायचे आहे, त्याच्यासाठी हा राजमार्ग खुला आहे. चोरवाटेची आवश्यकता नाही.

बियाण्याचा हक्क : आपला आदर्श

मालकी आणि कर्त्याचा हक्क यांचा मेळ कसा घालावा, याचे उत्तम उदाहरण आपल्या शेतकऱ्यांच्याच कायद्यात आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने नवे वाण काढणाऱ्याला संरक्षण दिले. पण त्याच कायद्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे साठवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला. अट एकच. संरक्षित वाणाचे नाव छापून, पिशवीत भरून ‘ब्रँडेड’ बियाणे म्हणून ते विकता येणार नाही. धान्य तुमचे, श्रम तुमचे, विक्री तुमची. नाव मात्र ज्याचे त्याचे. नाथांच्या विवेकाशी हे किती जुळते!

एप्रिल २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने आपल्या बटाट्याच्या वाणावरून गुजरातमधील चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी एक कोटी रुपयांहून अधिक भरपाईचे दावे लावले, तेव्हा शेतकरी संघटनांनी हेच कलम पुढे केले. देशभर क्षोभ उसळला आणि मे महिन्यात कंपनीला दावे मागे घ्यावे लागले. जागृत समाज आणि हातात असलेला स्पष्ट कायदा, यांपुढे बलाढ्य कंपनीही नमते.

परंतु हक्क कागदावर असून भागत नाही, हेही बीडच्या कापूस उत्पादकाइतके कोणाला ठाऊक असणार? २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बाजारात आला तो जवळपास सगळा संकरित वाणांच्या रूपात. संकरित कापसाचे बी ठेवून पेरले तर पुढच्या पिढीत ते गुण टिकत नाहीत. त्यामुळे साठवणुकीचा हक्क असूनही शेतकऱ्याला दरवर्षी पाकीट घ्यावेच लागते. हे जसे निसर्गाने लावलेले कुलूप, तसे डिजिटल वस्तूला कंपनीने लावलेले कुलूप. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बी राखता येईल असे सरळ बीटी वाण विकसित केले. कुलपाचे उत्तर असे पर्याय निर्माण करण्यात असते.

मराठी भाषेलाही या कुलपाचा अनुभव आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणीची सॉफ्टवेअर संगणकाला जोडायच्या एका ‘डोंगल’ नावाच्या किल्लीवर चालत. ती हरवली की काम ठप्प. प्रत्येक कंपनीची अक्षरसंकेतप्रणाली निराळी. त्यामुळे मूळ टंक नसेल तर स्वतःच लिहिलेला मजकूर स्वतःलाच वाचता येत नसे. याच अडचणीने अनेक अक्षरजुळणी केंद्रांना चोरट्या टंकांची वाट दाखवली. ही समस्या धाडींनी सुटली नाही. ती सुटू लागली ती युनिकोडच्या सर्वमान्य प्रणालीने आणि विनामूल्य देवनागरी टंकांनी. प्रामाणिक पर्याय सुलभ झाला, तेव्हा चोरीचे कारण उरले नाही.

ग्राहकाने काय करावे?

१९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. दादरा-नगरहवेली मुक्तिसंग्रामात उतरलेल्या या कार्यकर्त्याने ग्राहकाकडे लुबाडला जाणारा जीव म्हणून नव्हे, तर अर्थव्यवस्थेचा जागरूक घटक म्हणून पाहिले. तेव्हाचा लढा भेसळ आणि मापातल्या पापाविरुद्ध होता. आजची भेसळ शब्दात आहे. ‘भाडे’ असताना ‘खरेदी’ म्हणणे, हे मापातले पापच होय.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना प्रथमच आणली. ग्राहकाचे हक्क एकतर्फी बदलणारा किंवा विनाकारण करार मोडण्याची मुभा कंपनीला देणारा करार त्यात मोडतो. उणीव एवढीच की, अशा करारांविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही. राज्य आयोगाकडे जावे लागते. चकलांब्याच्या ग्राहकाने पाचशे रुपयांच्या खेळासाठी तेथवर जावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. हा अधिकार जिल्हा आयोगाला मिळावा, ही पहिली मागणी असली पाहिजे. दुसरी, परवाना असेल तिथे ‘खरेदी’ हा शब्द वापरण्यास बंदी. तिसरी, सेवा बंद करताना वापरता येईल अशी प्रत द्यावी किंवा रास्त परतावा द्यावा. चौथी, माणसामागे त्याची विकत घेतलेली ई-पुस्तके त्याच्या वारसांकडे जावीत. वडिलांची ग्रंथसंपदा त्यांच्या पासवर्डाबरोबर अग्नीत जाता कामा नये.

आणि घराघरात करावयाचे ते असे. मुलाने ‘खरेदी करा’ दाबण्यापूर्वी, हे आपले होणार आहे की भाड्याने मिळणार आहे, हे त्याच्यासह वाचावे. शक्य तिथे छापील पुस्तक आणि अस्सल तबकडी घ्यावी, वापरून झाल्यावर दुसऱ्याला द्यावी. संगणकाला चोरीची प्रणाली घालण्याऐवजी सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ किंवा अन्य मुक्त प्रणाली वापरावी. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. गप्प बसू नये.

पतंजलींनी सांगितलेल्या यमांत अस्तेय आहे. दुसऱ्याचे घेऊ नये, हा त्याचा एक अर्थ. पण दाम घेऊन वस्तू न देणे हेही स्तेयच आहे. कंपनीने करारात केलेली चोरी आणि ग्राहकाने मोबाईलवर केलेली चोरी, या दोहोंना एकच नाव देण्याचे धैर्य ज्या समाजात असेल, त्याच समाजाला न्याय्य कायदा मागण्याचा अधिकार पोहोचतो. पेप्सिकोपुढे गुजरातचे शेतकरी ठामपणे उभे राहू शकले, कारण त्यांनी कंपनीच्या नावाची पिशवी विकलेली नव्हती. त्यांनी आपल्या शेतातले पीक विकले होते. ग्राहक चळवळीची ताकद अशाच स्वच्छ हातांत असते.